स्कँडिनेव्हियन गुन्हेकथा: संथ का वाटतात आणि पडद्यावर काय हरवतं?

प्रश्न असा आहे: आमच्या वाचनगटाने वर्षभर स्कँडिनेव्हियन गुन्हेकथा वाचल्या आणि त्यांवरच्या मालिका-सिनेमेही पाहिले. निम्म्या लोकांना सगळं फार संथ आणि उदास वाटलं, निम्मे अक्षरशः भारावले. ज्यांना पुस्तकं आवडली त्यांना पडद्यावरची रूपांतरं बहुतेक पटली नाहीत. एवढी टोकाची मतं का होतात? आणि आधी वाचावं की आधी पाहावं?

तुमच्या गटातल्या दोन्ही बाजू खरं तर एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत. कंटाळलेल्यांना तपासातला रिकामा वेळ खुपला आणि भारावलेल्यांना तोच वेळ भिडला. मी गुन्हेकथांच्या मालिका लिहिते, पटकथेच्या कार्यशाळाही घेते. या कथा वर्षानुवर्षं सुट्या करून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालंय. खून कोणी केला, हा त्यांचा एक धागा. पण त्यांचा खरा ऐवज म्हणजे खुनानंतर जाणारा वेळ. रूपांतर करणाऱ्याने कथानक जपलं आणि हा वेळ कापला की वाचक नाराज होतो, मग नट कितीही मोठा असो. तुमच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी इथूनच निघतात.

याची मुळं १९६५ मध्ये आहेत. माय शोवाल आणि पेर वाल्यो या स्वीडिश जोडप्याची ‘रोझॅना’ ही कादंबरी त्या वर्षी आली. गोटा कालव्याच्या बोरेन्सहुल्टच्या दरवाज्यांपाशी गाळ काढताना यंत्राच्या बादलीत एका तरुणीचा मृतदेह येतो. ती कोण, हेच कितीतरी दिवस कळत नाही. शेवटी उत्तर येतं ते थेट अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहराहून. मग ती ज्या पर्यटक बोटीवर होती, त्या बोटीवरच्या प्रवाशांनी काढलेले फोटो आणि हौशी चित्रफिती पोलीस देशोदेशींहून मागवतात. तपास अधिकारी मार्टिन बेक अंधारात बसून लोकांच्या सुट्टीतली ती हलती चित्रं बघतो: कठड्याला टेकलेली माणसं, हात हलवणारी माणसं, आणि मध्येच क्षणभर दिसणारी ती मुलगी, जिवंत. कादंबरीत पाठलाग नाही, की बेकच्या डोक्यात अचानक वीज चमकत नाही. पत्रं जातात, उत्तरांची वाट पाहिली जाते, बेकचं पोट बिघडतं, त्याला सर्दी होते, घरी बायकोशी बोलणं आटत जातं, आणि ऋतू बदलतो. म्हणूनच चित्रफितीतली ती दोन-चार क्षणांची मुलगी आपल्याला हलवून टाकते.

या दोघांनी दहा कादंबऱ्यांचा आराखडा आधीच ठरवला होता. प्रत्येकीत तीस प्रकरणं, दहा वर्षं, आणि सगळ्यांना मिळून ‘एका गुन्ह्याची गोष्ट’ असं एकच उपशीर्षक. दोघंही मार्क्सवादी होते. ज्या कल्याणकारी राज्याचे गोडवे जगभर गायले जात होते, त्याच्या आत काय सडतंय ते त्यांना पोलीस चौकीतून दाखवायचं होतं. शेवटच्या पुस्तकांत राजकारण कथेवर स्वार होतं, अशी तक्रार वाचक करतात आणि ती मला रास्त वाटते. मालिकेच्या मधल्या कादंबऱ्या सर्वांत कसदार आहेत. त्यातल्या ‘लाफिंग पोलिसमन’ला १९७१ मध्ये अमेरिकेचा, रहस्यकथांसाठीचा एडगर पुरस्कार मिळाला. लगेच १९७३ मध्ये हॉलिवूडने ती गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोला नेली, वॉल्टर मॅथॉला घेऊन. पुस्तकात स्टॉकहोमच्या एका सिटीबसमध्ये गोळीबार होतो तो पावसाळी रात्री, शहराचे पोलीस व्हिएतनाम युद्धाविरुद्धचा मोर्चा अडवण्यात गुंतलेले असताना. ही रात्र स्टॉकहोमची आहे. शहर बदललं की गोळीबार उरतो, ती रात्र उरत नाही. उलट बू विडरबर्गने १९७६ मध्ये याच मालिकेतल्या दुसऱ्या कादंबरीवरून केलेला ‘छतावरचा माणूस’ हा स्वीडिश सिनेमा बघा. शेवटी त्यात स्टॉकहोमच्या छतांवर जो थरार होतो तो कोणत्याही अमेरिकन सिनेमाच्या तोडीचा आहे. पण त्याआधी बराच वेळ थकलेले पोलीस नुसती विचारपूस करत हिंडतात, आणि विडरबर्गने त्या हिंडण्याला हात लावलेला नाही.

हा वेळ निव्वळ लेखनाची शैली म्हणून आलेला नाही. २८ फेब्रुवारी १९८६ च्या रात्री स्वीडनचे पंतप्रधान उलोफ पाल्मे सिनेमा पाहून पत्नीबरोबर पायी घरी निघाले होते. सोबत अंगरक्षक नव्हता. भर रस्त्यात त्यांचा खून झाला. एका माणसाला १९८९ मध्ये शिक्षा झाली आणि त्याच वर्षी वरच्या न्यायालयाने त्याला सोडलं. तपास चौतीस वर्षं चालला आणि २०२० मध्ये खटल्याविनाच बंद झाला. हेनिंग मांकेल, स्टीग लार्सन हे पुढचे स्वीडिश लेखक आणि त्यांचा सुरुवातीचा वाचकवर्ग या न मिटलेल्या खुनासोबत जगलेला आहे. गुन्हा घडतो, उत्तर येत नाही, तरी माणसं रोज उठून कामाला जातात. हे त्यांना कल्पनेतून आणावं लागलं नाही.

‘हे लोक एवढे उदास असतात का?’ हा प्रश्न तर प्रत्येक गटात येतो. नॉर्वेकडे बघितलं तर चित्र वेगळंच दिसतं. तिथे ईस्टरची सुट्टी म्हणजे डोंगरातली केबिन, बर्फ, संत्री आणि गुन्हेकथा. प्रथा १९२३ पासूनची. बर्गनची रेल्वे रात्री लुटली गेली, असा ठळक मथळा ‘आफ्टनपोस्टन’ या दैनिकाच्या पहिल्या पानावर झळकला. ती एका नव्या कादंबरीची जाहिरात होती, पण कितीतरी लोकांना ती बातमीच वाटली. तेव्हापासून ईस्टर आला की प्रकाशक नव्या गुन्हेकथा काढतात, वाहिन्या मालिका दाखवतात, आणि दुधाच्या खोक्यांवरसुद्धा छोट्या रहस्यकथा छापून येतात. तिथला वाचक ही पुस्तकं कुटुंबासोबत सुट्टीत, सावकाश वाचतो. आपण ती लोकलमध्ये, दोन स्थानकांच्या मध्ये वाचतो. संथपणाच्या तक्रारीत याचाही वाटा आहे.

आता हेनिंग मांकेल. तुमच्या गटात सर्वांत जास्त भांडण त्याच्यावरून झालं असणार. ‘फेसलेस किलर्स’ १९९१ ची. दक्षिण स्वीडनच्या स्कोने प्रांतात, एका शेतावर, म्हातारं जोडपं. जानेवारीतल्या एका पहाटे शेजाऱ्याला जाग येते. काहीतरी चुकतंय एवढंच त्याला जाणवतं. मग लक्षात येतं, शेजारच्या तबेल्यातली घोडी खिंकाळलेली नाही. पुढे तपासात कळतं की एवढी क्रूर हत्या करून जाणाऱ्यांपैकी कोणीतरी त्या घोडीला चाराही घालून गेलं होतं. तपास करणाऱ्या कुर्ट वॉलंडरच्या मनात ही गोष्ट कादंबरीभर सलत राहते, वाचकाच्याही. मरताना त्या बाईच्या तोंडून ‘परदेशी’ असा शब्द निघतो, तो बाहेर फुटतो, आणि निर्वासितांच्या छावण्यांवर हल्ले सुरू होतात. एका शब्दाचे परिणाम पसरायला वेळ लागतो आणि मांकेल तो वेळ देतो. पुढच्याच वर्षी सर्वोत्तम नॉर्डिक गुन्हेकथेसाठीचा ‘ग्लास की’ पुरस्कार सुरू झाला, आणि पहिला मान या कादंबरीला मिळाला.

वॉलंडरवर वाचक घरच्या माणसासारखं प्रेम करतात. त्याला मधुमेह आहे, त्याचं लग्न मोडलंय, मुलगी लिंडा कधी जवळ येते, कधी दूर जाते. बाप आयुष्यभर एकच निसर्गचित्र काढत बसलाय. कधी त्यात रानकोंबडा असतो, कधी नसतो, एवढाच फरक. अशा माणसाचा चेहरा वाचकाने मनात ठरवलेला असतो, आणि पडद्यावर तो तिघांनी साकारला. रॉल्फ लासगोर्डने १९९४ पासून मांकेलच्या कादंबऱ्याच केल्या. जाडजूड, घामेजलेला, चिडका वॉलंडर. क्रिस्टर हेन्रिक्सनने २००५ पासून बत्तीस चित्रपट केले. त्यातल्या बहुतेकांच्या गोष्टी पडद्यासाठी नव्याने रचलेल्या होत्या. तो शांत, आत वळलेला. आणि २००८ पासून बीबीसीसाठी केनेथ ब्रानाने, वॉलंडरच्या इस्ताद गावातच चित्रीकरण करून, पण इंग्रजीत.

ब्रानाची मालिका मी उत्तम दृश्यकाम म्हणून दाखवते. ‘साइडट्रॅक्ड’च्या सुरुवातीला मोहरीच्या जातीच्या पिवळ्याधमक शेतात एक मुलगी स्वतःला पेटवून घेते. ते दृश्य विसरता येत नाही, ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कारही त्या मालिकेने जिंकला. तरी पुस्तकाच्या वाचकाचं समाधान होत नाही, आणि कारण त्या इंग्रजी बोलण्यात नाही. ती कादंबरी १९९४ च्या उन्हाळ्यात घडते. फुटबॉलचा विश्वचषक चालू आहे, स्वीडनचा संघ जिंकत चाललाय, पोलीस ठाण्यात सामन्यांवर पैजा लागतात, अख्खा देश खुशीत आहे. वॉलंडरला फुटबॉलमध्ये रस नाही, त्याला लाटव्हियाच्या बाइबा या मैत्रिणीबरोबर सुट्टीवर जायचंय, आणि एकामागून एक खून पडताहेत. त्या आनंदी देशाच्या पार्श्वभूमीवर जळणारी मुलगी, ही मांकेलची मांडणी. दीड तासाच्या भागात तिला जागाच नाही. मग सगळा भार ब्रानाच्या चेहऱ्यावर येतो. पुस्तकात देश हसत असतो आणि एक माणूस अस्वस्थ असतो. मालिकेत माणूस, आभाळ, घर, सगळंच सुरुवातीपासून उदास. ‘फार उदास वाटलं’ म्हणणाऱ्यांनी मालिका आधी पाहिली होती का, एकदा विचारा. मला वाटतं, तसंच असेल.

स्टीग लार्सनला मी या यादीत अपवाद मानते, आणि त्याला मांकेलच्या शेजारी ठेवून मत बनवू नये असं सांगते. लार्सन उजव्या अतिरेक्यांचा शोध घेणारा पत्रकार. नोव्हेंबर २००४ मध्ये पन्नासाव्या वर्षी हृदयविकाराने गेला, आणि ‘मिलेनियम’ मालिकेच्या तिन्ही कादंबऱ्या त्याच्या मृत्यूनंतर, २००५ ते २००७ मध्ये आल्या. त्यांचा वेग मुळातच वेगळा. पहिल्या पुस्तकाची सुरुवात अर्थघोटाळ्याच्या आणि वांगेर घराण्याच्या वंशावळीच्या तपशिलांत अडकते, तिथे खूप वाचक पुस्तक मिटतात. एकदा का लिस्बेट सालांडर ही हॅकर तरुणी पुढे आली की मात्र ते हातातून सुटत नाही.

तिच्यावरच्या अत्याचाराची दृश्यं हा वादाचा खरा विषय. स्त्रियांवरच्या हिंसेचा निषेध करताना तीच हिंसा एवढी रंगवायची का, असं माझ्या कार्यशाळेतल्या मुली विचारतात, आणि हा आक्षेप मी टाळत नाही. पुस्तकात लार्सन भागांच्या सुरुवातीला स्वीडनमधली आकडेवारी देतो: १८ टक्के स्त्रियांना कधी ना कधी पुरुषाने धमकावलेलं आहे, ४६ टक्क्यांनी पुरुषाकडून हिंसा सोसली आहे. त्या आकड्यांखाली ते प्रसंग वाचताना ते एका विकृत माणसाचे न राहता देशाचे होतात. पडद्यावर आपण प्रत्यक्ष शरीर पाहतो आणि आकडा मागे पडतो. २००९ च्या स्वीडिश सिनेमात नूमी रापासने लिस्बेटला अशी धग दिली की ते दृश्य तिच्या बाजूनेच पाहावं लागतं. २०११ चा डेव्हिड फिंचरचा सिनेमा जास्त देखणा, जास्त नेमका आहे, रूनी माराचं कामही चोख. पण त्या देखणेपणाने हिंसेलाही चकाकी येते, आणि मला ती खटकते. कादंबऱ्यांतल्या ‘मिलेनियम’ मासिकाच्या कचेरीतलं जग ज्यांना आवडतं त्यांनी चित्रपटगृहातल्या आवृत्त्यांऐवजी स्वीडिश दूरचित्रवाणीवर २०१० मध्ये दाखवलेली सहा भागांची लांब आवृत्ती पाहावी.

आता ज्या मालिकेमुळे हा सगळा प्रकार जगभर पोचला तिच्याकडे येते. डेन्मार्कच्या डीआर वाहिनीची ‘फोरब्रुडेल्सन’, २००७ ची. इंग्रजीत ‘द किलिंग’. सोरेन स्वाइस्ट्रुपने लिहिलेली. नाना बिर्क लार्सन या शाळकरी मुलीचा एकच खून, वीस भाग, आणि प्रत्येक भाग म्हणजे तपासाचा एक दिवस. सारा लुंड ही पोलीस अधिकारी त्याच दिवशी नोकरी सोडून स्वीडनला जाणार असते. तीन कड्या समांतर चालतात: पोलीस, कोपनहेगनच्या महापौरपदाची निवडणूक आणि मुलीचं घर. डीआरच्या नाट्यविभागाचा दंडकच होता की मालिकेत गोष्टीच्या खाली समाजाबद्दलची दुसरी गोष्ट हवी आणि लेखकाची दृष्टी मध्यभागी हवी. आमच्याकडे लेखकाला भाग संपायच्या आधी धक्का मागितला जातो. तिथे लेखकाला भूमिका मागितली गेली.

पहिल्या भागातली एकच जागा सांगते. कालव्यातून गाडी बाहेर काढली जाते, त्यात नाना सापडते. बाप थाइस तिथवर पोचलेला आहे, पोलीस त्याला पुढे जाऊ देत नाहीत. त्याच्या हातात फोन आहे आणि पलीकडे घरी आई पर्निला आहे. आईला समोर बसवून कोणी बातमी सांगत नाही. तिच्या कानावर फक्त तिकडचे आवाज पडतात, नवऱ्याचं ओरडणं पडतं, आणि तिला कळतं. साधारण गुन्हेमालिकेत इथे आईबाप संपतात, फार तर शेवटच्या भागात रडायला येतात. इथे ते वीस दिवस आपल्यासमोर जगतात. शवपेटी निवडावी लागते. धाकट्या मुलांना सांगावं लागतं. स्वयंपाकघरातलं ते टेबल, ज्याभोवती काल पाच माणसं बसत होती. एकेका संशयिताचं नाव पुढे येतं तेव्हा आपण कोडं सोडवत नाही, हे नाव थाइसच्या कानावर गेलं तर तो काय करेल याची धास्ती घेतो. कलाकारांनाही खुनी कोण हे आधी सांगितलेलं नव्हतं, लेखन आणि चित्रीकरण बरोबरीने चालू होतं. त्यामुळे प्रत्येकाच्या चेहऱ्यावरचा संशय खरा वाटतो. ब्रिटनमध्ये २०११ साली बीबीसी फोरवर ती डेनिश भाषेत, उपशीर्षकांसह दाखवली. लोकांनी ती तशीच डोक्यावर घेतली, लुंडच्या फॅरो बेटांवरच्या विणीच्या स्वेटरलासुद्धा मागणी आली.

त्याच वर्षी अमेरिकेत एएमसी वाहिनीने ती सिॲटलमध्ये आणून केली. पाऊस होता, शोक होता, मिरेई इनॉसचं काम ताकदीचं होतं. पहिल्या पर्वाचे तेरा भाग झाले आणि शेवटी खुनी सांगितलाच नाही. प्रेक्षक भडकले. उत्तर मिळालं ते सव्विसाव्या भागात, पुढच्या वर्षी. तेव्हा वेळ द्यायचा म्हणजे नुसतं ताणायचं नव्हे. डेनिश मालिकेत प्रत्येक दिवसाने घरातलं, चौकीतलं, निवडणुकीतलं काहीतरी कायमचं बदलतं. वाट बघायला लावलंत तर त्या वाट बघण्यात काहीतरी घडलं पाहिजे. आपल्याकडे २०२५ मध्ये रोहन सिप्पी दिग्दर्शित, कोंकणा सेन शर्माची ‘सर्च: द नैना मर्डर केस’ ही याच मालिकेवर बेतलेली हिंदी मालिका आली. पहिलं पर्व सहा भागांचं. कोंकणाने लुंडचा हट्टीपणा छान पकडलाय, पण वीस दिवस सहा भागांत दाबले की सर्वांत आधी घर आकसतं. तुमच्या गटाने दोन्हींचे पहिले दोन भाग लागोपाठ पाहावेत, चर्चेला भरपूर मिळेल.

‘द स्नोमॅन’बद्दल थोडक्यात. नॉर्वेच्या यू नेस्बोची २००७ ची ही कादंबरी घट्ट बांधलेली, चांगलीच भीतिदायक. २०१७ च्या सिनेमात मायकेल फासबेंडर तपास अधिकारी हॅरी हूल होता, तरी वाचकांनी तो झिडकारला. पटकथेचा दहा-पंधरा टक्के भाग चित्रित करायचाच राहिला, हे दिग्दर्शक टोमास आल्फ्रेडसनने स्वतःच सांगितलं. रहस्यकथेत एवढं गळालं तर दुवे जुळतच नाहीत. इथे दोष कथेचा नाही, रूपांतराच्या तत्त्वाचाही नाही.

परक्या भूमीत नेलं की सगळं बिघडतंच, असं मात्र समजू नका. युसी आडलर-ओल्सनच्या ‘डिपार्टमेंट क्यू’ कादंबऱ्या कोपनहेगनच्या. २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर स्कॉट फ्रँकने त्या एडिंबराला नेल्या आणि ते जमलं. तळघरातली जुनी प्रकरणं, जखमी आणि उद्धट अधिकारी, त्याच्याशी हळूहळू सांधा जुळणारा निर्वासित सहकारी, या नात्यांना त्याने नऊ भाग दिले.

आणि एक शिफारस, कारण आइसलँड बहुतेकांच्या यादीत नसतं. आर्नाल्दुर इंद्रिदासोनची ‘जार सिटी’ आणि तिच्यावरचा बाल्तासार कोर्माकुरचा २००६ चा सिनेमा. तेव्हा जेमतेम तीन लाखांचा देश, खून अगदी विरळा. १९९८ मध्ये तिथे सगळ्या नागरिकांच्या आरोग्यनोंदी एकत्र करण्याचा कायदा झाला आणि त्यावरून मोठा वाद पेटला. एवढ्याशा देशात सगळे कुठून तरी एकमेकांचे नातलग, मग कोणाच्या रक्तात काय आहे हे खणून काढलं तर काय होईल, यावर ही कथा उभी आहे. सिनेमात तपास अधिकारी एर्लेंदुर घरी एकटाच बसून उकडलेलं मेंढीचं मुंडकं सुरीने कापत खातो. संवाद नाही, घाई नाही. त्याचं एकटेपण सांगायला पटकथेत आणखी काही लिहावं लागलेलं नाही. वाचकाला आणि प्रेक्षकाला सारखंच समाधान देणारं रूपांतर विचाराल तर माझं पहिलं नाव हेच.

आधी वाचावं की पाहावं? मांकेल आधी वाचा, मग लासगोर्ड पाहा, ब्राना शेवटी. लार्सनचं कसंही चालेल, पण पुस्तकाची पहिली शे-सव्वाशे पानं नेटाने काढा. शोवाल-वाल्यो पुस्तकातच. ‘फोरब्रुडेल्सन’ मुळात पडद्यासाठी लिहिलेली आहे, तिची कादंबरी नंतर दुसऱ्याने केली, तेव्हा ती पाहायचीच. शक्यतो मूळ आवाजात, उपशीर्षकं लावून, कारण पर्निलाचा आवाज बदलला की फोनवरचं ते दृश्य गेलंच म्हणून समजा. आणि वीसही भाग शनिवार-रविवारी सलग संपवू नका. डेन्मार्कमध्ये लोकांनी ती आठवड्याला एक भाग अशी पाहिली, तीही दोन टप्प्यांत, मध्ये काही महिने सोडून. तुमच्या गटातल्या ‘संथ’ म्हणणाऱ्यांना रोज एकच भाग पाहायला सांगा, आणि दहाव्या भागानंतर पुन्हा चर्चेला बसा.